पश्चिमेची भिंत

अमरावतीत कुणी विचारलं, ‘ताई, तुम्ही काय करता?’ तर मी सांगायची, ‘घरं मोजते.’ त्यावर हमखास पुढचा प्रश्न यायचा, ‘म्हणजे जनगणनेत आहात का?’ आता निवृत्त झाल्यावर हा प्रश्न कुणी विचारत नाही, पण उत्तर द्यायची सवय राहिली आहे. म्हणून आधी तेच सांगते.

जुनं घर दुरुस्त करायचं असो, पाडायचं असो किंवा भावाभावांत वाटायचं असो, त्याचा नकाशा लागतो. जुन्या घरांचे नकाशे बहुधा नसतात. मग कुणीतरी टेप, ओळंबा, दोरी आणि वही घेऊन जायचं, प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकी, प्रत्येक पायरी मोजायची आणि घर जसं आहे तसं कागदावर उतरवायचं. घर कसं असायला हवं ते आर्किटेक्ट काढतो. घर कसं आहे ते आम्ही काढतो. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट असते, तिच्यात ‘आरेखन’ या शब्दापुढे माझ्या नावाची दोन अक्षरं असायची. ती कुणी वाचत नाही.

मी दर्यापूरची. आयटीआयला आरेखनाचा कोर्स केला आणि अमरावतीच्या एका आर्किटेक्टकडे कामाला लागले. त्यांना सगळे ‘सर’च म्हणायचे, मीही इथे तेच म्हणते. त्यांच्याकडे मी जवळजवळ सगळं आयुष्य काढलं.

या कामात एक गोष्ट लवकर कळते. माप खोटं बोलत नाही, पण माणसं मापाला खोटं बोलायला लावतात. अकोल्याला दोन भावांचं घर मोजायला गेले होते. धाकटा भाऊ सारखा माझ्या मागे. ‘ताई, मधल्या भिंतीची जागा जराशी तिकडे दाखवा ना. फूटभरच.’ मी म्हटलं, ‘भिंत सरकवा, मी दाखवते.’ त्याच घरात आतल्या खोल्यांची बेरीज बाहेरच्या लांबीपेक्षा पाच फूट कमी आली. तीनदा मोजलं. शेवटी एका कपाटामागचा गिलावा ठोकला, तर मागे चिणून टाकलेला जिना निघाला. दोघे भाऊ त्याच घरात जन्मलेले, दोघांनाही तो ठाऊक नव्हता. त्या दिवशी मला माझ्या टेपचा फार अभिमान वाटला होता.

तो अभिमान पुढे टिकला नाही. का टिकला नाही, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

चिखलदऱ्यापासून थोडं आत, उतारावर एक दगडी घर आहे. कॉफीचा मळा लावायला आलेल्या कुणा इंग्रजाने ते बांधलं. साहेब लोकांचे बंगले आपण पाहिलेले असतात. उंच जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, मोठमोठे दरवाजे. हे घर तसं नव्हतंच. लांबलचक, बुटकं, एका ओळीत सगळ्या खोल्या. भिंती दोन फुटांहून जाड, इथल्याच काळ्या दगडाच्या. कोपऱ्याला मोठे घडीव दगड, एक आडवा, एक उभा, एकमेकांत गुंतवलेले. खिडक्या लहान, आणि प्रत्येक खिडकीच्या मधोमध दगडाचा खांब. खिडकीवर दगडाचीच पुढे आलेली कड, पावसाचं पाणी भिंतीवरून खिडकीत न येता बाजूला पडावं म्हणून. छप्पर इतकं उभं की त्यावर माकडही बसायचं नाही. मधोमध चूल, आणि ती केवढी? आत दोन माणसांनी बसून गप्पा माराव्यात एवढी. तिच्यावरचं धुराडं घराच्या डोक्यावर बुरुजासारखं उभं. समोर पत्र्याचा व्हरांडा होता, पण दगडातला सांधा सांगत होता की तो मागाहून कुणीतरी जोडलेला आहे. मूळ माणसाला व्हरांडा सुचलाच नव्हता.

सर म्हणाले, हा बंगला नाही. विलायतेतल्या शेतकऱ्याचं घर आहे. हा माणूस मोठा साहेब नसणार. शेतकऱ्याचा मुलगा असणार. त्याला एकच घर माहीत होतं, ते त्याने इथे येऊन बांधलं.

परतवाड्याच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याने ते घर विकत घेतलं होतं. त्याला तिथे पर्यटकांसाठी राहायची सोय करायची होती. मी आणि एक मदतनीस बाई आठवडाभर जाऊन मापं घेत होतो. सगळं घर कळलं, एक खोली कळेना. पुढच्या दारातून सरळ मागच्या दारापर्यंत एक बोळ होता. बोळाच्या उजवीकडे चूल, खोल्या, सगळं राहण्याचं. डावीकडे एकच लांब खोली, तिला चूल नाही, फरशीला उतार आणि शेवटच्या भिंतीत जमिनीलगत एक भोक. मालक म्हणायचा, ‘ही साहेबाची नाचायची खोली असेल.’ उतारावर कोण नाचेल, असं माझ्या मनात आलं.

रोज सकाळी शेजारच्या वाडीतली पार्वताबाई आम्हाला दूध आणून द्यायची. गवळ्याची म्हातारी. एकदा ती दूध घेऊन आतच आली, त्या खोलीत उभी राहिली, खालच्या भोकाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘हे गायीचं घर होय, बाई.’

‘कशावरून?’

‘आमच्यात बी असंच ऱ्हायते. एकाच छपराखाली. वरच्या अंगाले माणूस, खालच्या अंगाले ढोर. मूत खाली वाहून जाते, ऊब वर येते.’ मग म्हणाली, ‘गोरा होता म्हणे तो. पण घर त्याले बरोबर समजत होतं.’

मी नकाशावर त्या खोलीत ‘गोठा’ असं लिहिलं. मालकाला ते आवडलं नाही. पण ते तसंच राहिलं. एवढा एक शब्द मी तिथे हट्टाने राखला. दुसरी गोष्ट मात्र राखली नाही.

त्या घराची पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडाशी होती. चिखलदऱ्याचा पाऊस आडवा येतो. जाड दगडी भिंत म्हणजे आतून बाहेरून एकच दगड नसतो. बाहेर दगडांचा एक पापुद्रा, आत एक पापुद्रा, आणि मधे दगडाच्या चिपा, माती, चुना भरलेला. दोन्ही पापुद्रे धरून ठेवायला मधून मधून एखादा लांब दगड आरपार घालतात. दगडांमधल्या दरजा, म्हणजे फटी, चुन्याने भरलेल्या असतात, आणि चुना आत शिरलेलं पाणी हळूहळू बाहेर सोडतो. या भिंतीला कधीतरी कुणीतरी वरून सिमेंटचा गिलावा मारला होता. पाणी भेगांतून आत जात राहिलं, बाहेर यायची वाट बंद झाली. वर्षानुवर्षं आतली माती धुपत, फुगत गेली.

मी वरून ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, सोडला तेव्हा भिंत मधोमध बाहेर आलेली दिसली. साडेतीन इंच. वहीत तसं लिहिलं. अमरावतीला येऊन नकाशाही तसाच काढला, पोट आलेल्या भिंतीसारखा.

सरांनी नकाशा पाहिला. म्हणाले, ‘ही रेघ सरळ करा.’

मी म्हटलं, ‘सर, भिंत बाहेर आहे.’

‘दगडी भिंतीत एवढं चालतंच. वाकडी भिंत दाखवली की मालक घाबरतो आणि सगळंच पाडायला निघतो. आपल्याला घर वाचवायचं आहे ना?’

त्यांचा हेतू वाईट नव्हता. मला ते तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. मी रेघ सरळ केली. दोन मिनिटांचं काम. खाली चौकटीत माझी दोन अक्षरं तशीच होती.

पुढे मालकाला पश्चिमेकडे मावळतीचं दृश्य दिसावं म्हणून मोठं दार हवं झालं. माझ्या नकाशावरून हिशेब झाला. सरळ, भरीव भिंत धरून वर लोखंडी गर्डर किती लागेल, टेकू किती लागतील, ते ठरलं. दगडाच्या कामासाठी बार्शीटाकळीहून इस्माईल मिस्त्रींना बोलावलं. साठीचे, उंच, हाताच्या बोटांची टोकं दगडासारखीच झालेली. चुन्याचं काम जाणणारे असे मिस्त्री आमच्या भागात आता बोटावर मोजण्याइतके. अक्षरओळख नव्हती, पण लांबून पाहून कुठला दगड मागाहून बसवलाय ते सांगायचे. मला ते ‘ताई’ म्हणायचे.

काम सुरू व्हायच्या दिवशी मी तिथे होते. मिस्त्री भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले. मग एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने पाहिलं. हातोडीच्या दांड्याने दोन ठिकाणी ठोकलं. माझ्याकडे आले.

‘ताई, या भिंतीले पोट आल्यासारखं दिसून राहिलं मले. कागदात कशी हाये? सरळ हाये का?’

कंत्राटदार शेजारी उभा होता. सर सकाळीच येऊन, सगळं समजावून परत गेले होते. मी नकाशा उघडून धरला होता आणि त्यावरची रेघ माझ्या हाताने काढलेली होती.

मी म्हटलं, ‘सरळ आहे.’

मिस्त्रींनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं. ‘मंग माही नजर चुकली असंन,’ म्हणाले आणि कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास भिंत पडली. आधी आवाज आला तो दगडांचा नव्हता. पोत्यातून ज्वारी ओतावी तसा, सळसळ. आतला भराव वाहायला लागला होता. मिस्त्रींना तो आवाज कळला. ‘हटा’ एवढंच ओरडले. बाकीची माणसं मागे पळाली, तेही वळले, पण बाहेरचा पापुद्रा सगळाच्या सगळा एकदम खाली आला आणि त्यांचा उजवा पाय त्यात सापडला. दगड बाजूला करायला आम्हाला अर्धा तास लागला. मीही उचलत होते. ते शुद्धीवर होते. माझ्याकडे पाहत होते.

परतवाडा, तिथून अमरावती. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

इलाजाचं मालकाने पाहिलं. बांधकाम जुनं होतं म्हणून अपघात झाला, असं सगळ्या कागदांत लिहिलं गेलं. ते खोटंही नव्हतं. माझी मापांची वही कपाटात होती, ती कुणी मागितली नाही आणि मी दिली नाही. चार महिने मी रोज ऑफिसला गेले, जेवले, झोपले, नकाशे काढले. घरी विचारलं तर म्हणायची, थकवा आहे. मिस्त्रींना भेटायला दवाखान्यात एकदा गेले होते, सरांबरोबर, फळं घेऊन. नजर वर न करता परत आले.

मग एक दिवस त्यांचा मोठा मुलगा युसुफ ऑफिसात आला. तोही गवंडीच, पस्तिशीचा. कसल्याशा कामाचा दाखला हवा होता. दाखला टाइप होईपर्यंत तो माझ्या टेबलाशी बसला. मी विचारलं, ‘मिस्त्री कसे आहेत?’

‘पाय बरा हाये. कृत्रिम पाय बी बसवला. पण अब्बा कामाचं नावच काढत नाई. म्हणते, माही नजर गेली. मले भिंत वाकडी दिसत होती, ती सरळ होती, म्हणजे मले आता उलटंच दिसून राहिलं. दोन डॉक्टरले डोळे दाखवले. डॉक्टर म्हणते, डोळे चांगले हायेत. ते मानतच नाई. आता माह्या कामावर बी येऊन पाहत नाई, की आपण सांगतलं तर चूक सांगू.’

तो दाखला घेऊन गेला. मी वही काढून पिशवीत ठेवली.

रविवारी अकोल्याहून बार्शीटाकळीची जीप धरली. मिस्त्री अंगणात बाजेवर बसले होते. त्यांच्या बायकोने चहा आणला. मी इकडचं तिकडचं काहीच बोलू शकले नाही. वही उघडली आणि वाचलं, ‘पश्चिमेची भिंत. दारापासून अकरा फूट. जमिनीपासून साडेचार फूट. ओळंब्यापासून साडेतीन इंच बाहेर.’

त्यांनी हात पुढे करून वही घेतली. वाचता येत नव्हतं तरी त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘हे कधी लिहिलं?’

‘तुम्ही मला विचारलंत, त्याच्या तीन महिने आधी.’

त्यांचं बोट त्या ओळीवरून शेवटपर्यंत फिरलं. मग आत हाक मारून बायकोला म्हणाले, ‘ऐकलं का? मले बरोबर दिसलं होतं.’ ती दारात आली. त्यांनी तिला पुन्हा सांगितलं, ‘बरोबर दिसलं होतं मले.’ त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता यायचं नाही, पण खांद्यावरचं ओझं खाली ठेवल्यासारखं ते सैल झाले. आणि मग माझ्याकडे वळले.

‘मंग सरळ काहून म्हणलं?’

‘सरांनी रेघ सरळ करायला सांगितली होती.’

‘सरले मी इचारलं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘तुमाले इचारलं होतं.’

मी रडले असते तर त्यांनाच मला समजावावं लागलं असतं, म्हणून दात आवळून बसले. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

‘चहा घ्या. शेवटची जीप निघून जाईन.’

दुसऱ्या दिवशी मी मालकाला पत्र लिहिलं. काय मोजलं होतं, काय काढलं आणि मिस्त्रींनी विचारल्यावर काय सांगितलं, सगळं. सोबत वहीच्या पानाची प्रत आणि खरा नकाशा. पाठवण्याआधी पत्र सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पुसला. म्हणाले, ‘हे मी लिहायला पाहिजे होतं.’ आणि माझ्या सहीखाली त्यांनीही सही केली. त्यानंतर आमच्यात पूर्वीसारखं बोलणं राहिलं नाही. रागाने नाही, एकमेकांकडे पाहिलं की दोघांनाही तेच आठवायचं.

मालक संतापला. ते योग्यच होतं. एक पावसाळा ती उघडी बाजू ताडपत्रीखाली तशीच राहिली. नंतर तो म्हणाला, विटा-सिमेंटची भिंत उभी करून टाकतो. मी त्याला सांगितलं की तसं केलं तर उरलेलं घरही याच वाटेने जाईल. दगड पडलेले आहेत, तेच पुन्हा लावा. ‘लावणार कोण?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, ‘लावता येतं अशा एकाच माणसाला मी ओळखते. पण त्यांना विचारायला मला तोंड नाही.’

मालक स्वतः बार्शीटाकळीला गेला. मिस्त्री हो म्हणाले. दोन अटी घातल्या. पहिली, दार होणार नाही. दुसरी, आधी कागद नाही. आधी भिंत, मग कागद. आणि जाता जाता सांगितलं, मोजायला त्याच बाईला आणा.

मला खरं वाटेना. मी युसुफला फोनवर विचारलं. तो जरा अडखळला, मग म्हणाला, ‘अब्बा म्हणे, तिचं माप खरं होतं. तोंड खोटं होतं.’

अशी ती भिंत पुन्हा उभी राहायला लागली. मिस्त्री कृत्रिम पाय टेकायला एक सपाट दगड ठेवून खुर्चीवर बसायचे. प्रत्येक दगड दोघं जण उचलून त्यांच्यापुढे आणायचे, ते तो फिरवायला सांगायचे, मग कुठे बसेल ते सांगायचे. दर चार फुटांवर एक लांब दगड आरपार. चुना महिनाभर आधीच भिजत घातला होता. युसुफ आणि दोन गवंडी लावत, मी दर दोन थर झाले की मोजायची, लिहायची. मिस्त्री मला आता ‘मॅडम’ म्हणायचे. स्वतःहून हाक मारत नसत, कामापुरतं बोलत. पार्वताबाई दूध घेऊन यायची, सगळ्यांना द्यायची आणि भिंतीकडे पाहून निघून जायची.

भिंत डोक्याएवढी झाली. एका दुपारी, वरचे दोन थर लागल्यावर मी ओळंबा सोडला. एका जागी तो अर्धा इंच सुटला. मी पुन्हा सोडला. तेच. रात्री वाऱ्याने थर सरळ यावा म्हणून ताणलेली युसुफची दोरी सरकली असणार आणि मिस्त्रींना खुर्चीवरून ती बाजू दिसत नव्हती.

अर्धा इंच. कुठल्याही नियमाने दगडी भिंतीत अर्धा इंच चालतो. शिवाय त्या दोन थरांना तीन दिवस लागले होते. मिस्त्री थकले होते. दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही आलं नसतं. मी ओळंब्याची दोरी हातात घेऊन उभी राहिले आणि मला कळलं, की मी पुन्हा त्याच जागी आले आहे.

मी त्यांच्याजवळ गेले. ‘मिस्त्री, वरचे दोन थर अर्धा इंच बाहेर आहेत.’

युसुफ म्हणाला, ‘मॅडम, एवढं तर...’

मिस्त्रींनी हात वर करून त्याला थांबवलं. कुबडी घेऊन उठले. भिंतीपाशी गेले, तळहात खालून वर फिरवत नेला, त्या जागी थांबले. पुन्हा खालून वर. सगळी माणसं पाहत होती. त्यांचा चेहरा पडला, ते मला दिसलं. ती त्यांची शेवटची भिंत होती, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

‘काढ,’ ते युसुफला म्हणाले. ‘दोन्ही थर काढ.’

दगड उतरेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. संध्याकाळी मिस्त्री माझ्याकडे न पाहता गाडीत बसले.

सकाळी मी पोचले तेव्हा युसुफने नवी दोरी ताणली होती आणि पहिला दगड भिंतीजवळ आणून ठेवला होता. गवंडी चुना कालवून थांबले होते. मिस्त्रींनी कुणालाही हात लावू दिला नव्हता. मला पाहून त्यांनी ओळंबा माझ्यापुढे धरला.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘आधी मोजा.’